दादारावांची बकरी आणि तुझ्या नावानं मारलेली थाप

तीर्थरूप सौ. सुभद्रामामीस,

नांदगाव पेठेहून अंकुरचा दोन्ही हात जोडून नमस्कार. (एका हातात पेन आहे, तेव्हा दुसराही जोडला असं समजून घे.) मी मजेत आहे. तुझे गुडघे कसे आहेत? खुशालमामांचा खोकला बसला का, की अजून ते खोकून खोकून अख्ख्या गल्लीला उठवतात? तुझ्या नितेशच्या बायकोला माझा नमस्कार सांग, आणि तिच्या हातचं लोणचं संपलं हेही सांग.

पत्र बघून घाबरू नकोस, कोणाला काही झालेलं नाही. फोनच केला असता, पण फोनवर तू पहिल्यांदा ‘जेवला काय?’ विचारतेस आणि मग ‘नोकरी टिकून हाये ना?’ विचारतेस, आणि का कोण जाणे, या दुसऱ्या प्रश्नाला माझी रेंजच जाते. तर नोकरी टिकून आहे. इथल्या कापडाच्या कारखान्यात तागे उचलून ट्रकमध्ये रचतो. तीन महिने झाले. चांदूर रेल्वेच्या दुकानात अकरा दिवस टिकलो होतो, वलगावच्या दाळमिलमध्ये दुपारपर्यंत, त्या मानानं हे म्हणजे पेन्शनच. आता मुद्द्यावर येतो. (मामा म्हणतात, अंकुर मुद्द्यावर येईपर्यंत मुद्दा जेवून झोपलेला असतो.)

आपल्या पेपरात आतल्या पानावर, राशिभविष्याच्या खाली, तीन चौकटींची एक चित्रपट्टी येते, ‘दादाराव आणि बकरी’. तुला ती ठाऊक नाही हे मला ठाऊक आहे, म्हणून सांगतो. पहिल्या चौकटीत दादाराव काहीतरी ठरवतात. दुसरीत ते जमत आलेलं असतं. तिसरीत ते बकरीनं खाल्लेलं असतं. भाचीच्या लग्नाची पत्रिका, निवडणुकीचा जाहीरनामा, नव्या चपलेचा अंगठा, एकदा तर जमिनीची मोजणी करायला आलेल्या साहेबाचा नकाशा, धुऱ्या-बांधासकट. बकरी बोलत नाही. चावत चावत आपल्याकडे बघते, बस. पण काय बघते! आमच्या कारखान्याचे मुकादम रजेचा अर्ज वाचून झाल्यावर अगदी तसेच बघतात, त्यामुळे त्यांच्यासमोर मला हसू आवरत नाही आणि रजाही मिळत नाही.

मला वाचायला शाळेनं शिकवलं असं दाखल्यावर लिहिलंय. ते खोटं आहे. मला तुझ्या स्वयंपाकघरातल्या फळीनं शिकवलं. दिवाळीच्या आधी तू फळ्या पुसून नवा पेपर अंथरायचीस आणि पुढे लोंबणारा काठ कात्रीनं करंजीसारखा कापायचीस. मधल्या फळीच्या काठाला दरवर्षी नेमकी ही चित्रपट्टी यायची. (तू ती आवडीनं ठेवायचीस असं मी लहानपणी समजत होतो. पुढं कळलं की चौकटीची रेघ सरळ असते, तिच्या आधारानं कापलेल्या करंज्या एका ओळीत येतात, एवढाच हिशेब होता.) तिसरी चौकट मात्र वर वळून तुरीच्या डाळीच्या डब्याखाली जायची. म्हणजे बकरीनं काय खाल्लं ते बघायला स्टुलावर चढून तो आठ किलोचा डबा सरकवावा लागायचा. अक्षरं लावत लावत दोन चौकटी वाचायच्या, मग डबा. तू मागून ओरडायचीस, ‘काहून रे, डाळ सांडवतं काय पोट्ट्या?’ लोकांना रोज नवी पट्टी मिळते, मला वर्षाला एक मिळायची, आणि ती मी तीनशेसाठ दिवस वाचून तीनशेसाठ दिवस हसायचो. उरलेले पाच दिवस सुट्टीत आईकडे.

त्यानंतर मी जिथं जिथं गेलो तिथं कोणी ओळखीचं नसायचं, पण पेपर असायचा. नव्या गावात पहिल्या दिवशी गमत नाही, जीव लागत नाही. मग चहाच्या टपरीवर आतलं पान मागायचं. (बाहेरच्या पानासाठी भांडणं होतात, आतलं कोणीही देतं.) दादाराव भेटले की वाटायचं, चला, घरचं कोणीतरी आलं. रविवारी पट्टी रंगीत असते, पण छपाईत रंग घसरतो आणि बकरी हिरवी व दादाराव अर्धे जांभळे होतात. तरी ओळख पटते. आपल्या घरच्यांना आपण असंच ओळखतो ना, कोणत्याही रंगात.

तर मागच्या सोमवारी पान उघडलं आणि पट्टीच नाही! तिथं कोचिंग क्लासची जाहिरात. मी चहा तसाच ठेवला, मुकादमांना ‘पोट बिघडलं’ सांगितलं आणि अमरावतीला पेपरच्या कचेरीत जाऊन धडकलो. काउंटरवरच्या बाईंनी मान वर न करता बाकड्याकडं बोट दाखवलं. बाकड्यावर एक वाळके म्हातारे, मांडीवर खाकी पाकीट. हेच ते पुंजारामकाका, ही पट्टी काढणारे. राहतात वलगावला, आयुष्यभर दुकानाच्या पाट्या रंगवल्या, दर सोमवारी एसटीनं येऊन सात दिवसांच्या सात पट्ट्या देतात. मी त्यांच्या पाया पडलो. ते दचकले, त्यांना वाटलं मी चप्पल शोधतोय. मला हसू आलं.

म्हटलं, आज पट्टी कुठं गेली? तर म्हणाले, “आज जाहिरात होती. उद्या येते पट्टी. हा शेवटचा हप्ता हाये, मी बंद करून राहिलो.” मी विचारलं, काहून? “बावीस वर्षं झाले बापू. एक मानूस म्हनला नाही का पुंजाराम, मी हासलो. साहेब म्हनते, ठेवा नाही तर नोका ठेवू, आम्हाले फरक नाही पडत.” मी म्हटलं, काका, मी हसतो ना, रोज हसतो. त्यांनी मला खालून वर पाहिलं. “तू त मघा माह्या चपलेलेही हासला. तुह्यं काय धरतं?”

खरं आहे, मामी. माझं हसणं कुठंच हिशेबात धरत नाहीत, शाळेतही धरलं नाही. आणि ते पाकीट घेऊन उठायला लागले. मला वाटलं, हा माणूस आज उठला की बकरी संपली. त्या घाईत माझ्या तोंडून निघून गेलं, “माझी मामी अकोल्याची आहे. ती कधी हसत नाही. पण बकरी वाचल्याशिवाय ती चूल पेटवत नाही, आणि वाचली की पदर तोंडाला लावून हसते.”

(गॅस म्हणायला पाहिजे होतं, चूल तोंडात आली. थाप मारताना माणूस जुन्या वस्तू वापरतो.)

काका खाली बसले. पाकिटावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाले, “पदर तोंडाले लावून?” मी म्हटलं, हो. “कोनत्या बकरीले हासल्या सांगितलं काय?” मी म्हटलं, नकाशावालीला. ते नुसते ‘हं’ म्हणाले, पण मामी, तो ‘हं’ तू ऐकायला पाहिजे होतास. सात पट्ट्या काउंटरवर दिल्या आणि बाईंना बजावलं, “पुढच्या सोमवारी येतो.”

एवढ्यावर थांबलं असतं तर मी हे पत्र लिहिलंच नसतं. मामांना साष्टांग नमस्कार. तुझ्या घरचं खाऊन आणि तुझ्या फळीवरचं वाचून मी मोठा झालो, हे तोंडावर कधी सांगितलं नाही, कारण तोंडावर सांगितलं की तू पोळी वाढतेस आणि विषय बदलतेस. म्हणून लिहून सांगतो.

तुझा,
अंकुर

ता. क. : काकांना शुक्रवारी अकोल्याला डोळ्याच्या डॉक्टरकडे यायचंय. म्हणाले, जाताना त्या बाईंना भेटून जातो, बावीस वर्षांत एक माणूस सापडला. आपल्याकडे कोणी नाव काढलं की त्याच्या घरी जाऊन यावं लागतं, ते तुला सांगायला नको. तू खोटं बोलत नाहीस हे मला माहीत आहे. (संध्याताईला बघायला आलेल्यांना तू पोरीच्या पोळ्या करपतात हे सांगितलंस, ते अख्ख्या अकोल्याला माहीत आहे.) पण एवढं एकदाच, मामी. नाहीतर ते पट्टी बंद करतील.

ता. क. २ : सोबत पाच कात्रणं आहेत. कुठं हसायचं तिथं पेन्सिलीनं फुली केली आहे.

ता. क. ३ : हे पत्र घेऊन जो माणूस दारात उभा आहे, तेच पुंजारामकाका. टपालाचा भरवसा नाही म्हणून त्यांच्याच हाती दिलं. मोठ्यानं वाचू नकोस.

ता. क. ४ : पाकीट बंद करायला डिंक मिळाला नाही. बडनेऱ्याहून गाडीला सव्वा तास लागतो, आणि उघडं पाकीट हातात असताना माणूस खिडकीबाहेर किती वेळ बघेल? तर मामी, त्यांनी हे सगळं वाचूनही पत्र तुझ्या हातात दिलं असेल, तर तू काही खोटं बोलू नकोस, फक्त जेवल्याशिवाय जाऊ देऊ नकोस. आणि काका, तुम्ही अजून गाडीतच असाल, तर मूर्तिजापूरला उतरून परत फिरू नका. हसणारा मीच आहे. माझंच धरा.