कडेची झाडं

जमालपूर,
९ माघ

वाहिदभाई, सलाम.

पत्र मिळालं. भाभींचा गुडघा बरा आहे हे वाचून बरं वाटलं. इकडे धुकं इतकं, की दहा वाजेपर्यंत वाफ्यात उतरता येत नाही. माझे अब्बा सध्या माझ्याकडेच आहेत, ठीक आहेत. त्यांच्याबद्दल पुढे लिहिते.

अकरा वर्षांत ईदचा साधा सलाम नाही, आणि आता एकदम 'धाकटी बहीण'! वा! तुमचं 'वाहिद-१' वांगं शेतकऱ्यांकडे धरत नाही, गुरुवारी समिती त्याला मंजूर वाणांच्या यादीतून काढणार, म्हणून मी मूळ बी गुपचूप पाठवावं. म्हणजे तुम्ही सांगणार, आधीच्या बियांत भेसळ झाली होती!

मूळ बी कुठलं हो? अम्मा वारली, तिच्या चाळिसाव्या दिवसाला मी गावी गेले असताना माझ्या चाचणीच्या वाफ्यातून नेलंत, ते? परतले तर राखणदार अनीसचाचा म्हणाले, "बेटी, वाहिदसाहेब आले होते. लाल चिंध्यावाल्या झाडांची बियांसाठी पिकवलेली सगळी पिवळी वांगी पोत्यात भरून नेली. तूच सांगितलंस म्हणाले."

पाच वर्षांची माझी मेहनत, आणि आयत्या बिळावर नागोबा! दोन दिवस घास उतरला नाही. मग चिंध्या आठवल्या आणि मी एकटीच हसत सुटले.

भाई, लाल चिंधी म्हणजे 'हे झाड मोजू नका'. ती कडेची ओळ होती. कडेच्या झाडाला एका बाजूने शेजारी नसतो, ऊन जास्त, खत जास्त, म्हणून ते वांग्यांनी लगडतं. तो भार जागेचा. बियांतून पोरांत उतरत नाही. पहिल्या वर्षाच्या मुलांना तुम्हीच हे शिकवत होतात. पण वाफ्यात कधी चिखल तुडवलात का? लगडलेलं दिसलं की तोडलं!

तुमच्याच केंद्रावर, तुमच्याच माणसांनी मोजमाप केलं. वाण मंजूर झाला. त्याला स्वतःचं नाव दिलंत, हार घालून फोटो काढलात. मी एका वाक्यात सगळं थांबवू शकले असते. मूग गिळून बसले. म्हटलं, चढू दे अजून वर, पडेल तेव्हा हाडं मोडतील.

आता अब्बांचं. तुमचं बी बाजारात आलं तेव्हा त्यांनी विचारलं, "पोरी, लावू का गं? सगळे लावतायत." मी नको म्हणाले असते तर गावभर झालं असतं, तुमच्या कानावर गेलं असतं, तुम्ही सावध झाला असतात. मी म्हटलं, "तुम्हाला वाटेल तसं करा." त्यांचा हंगाम वाया गेला. हाटात लोक हसले, "लेक वांग्यांची डॉक्टर, आणि बापाच्या टोपल्या रिकाम्या!" त्यांनी मला विचारलं, "तुला खरंच माहीत नव्हतं?" मी नाही म्हणाले.

परवा त्यांना खरं सांगितलं. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत. वांग्याचा भर्ता पुढे ठेवला तर ताट सरकवतात. गावातल्या बाकीच्यांना तर मी अजून तोंडही दाखवलेलं नाही. ते पाप माझं, तुमच्या माथी मारत नाही. पण ते केलं तुम्हाला पाडण्यासाठी, आणि आता मी अर्ध्यावर थांबणार नाही.

चांगलं बी आहे. त्याच वाफ्याच्या मधल्या ओळींतलं, गर्दीत वाढूनही भरलेल्या झाडांचं. अकरा पिढ्या झाल्या, पोरं आईवरच जातात. त्यातला एक दाणा तुम्हाला मिळणार नाही.

घाबरू नका, वाण यादीतून जाऊ देणार नाही. समितीत यंदा मीही आहे. माझा ठराव तयार आहे. शेतकऱ्यांना 'वाहिद-१' विकणं बंद. पण देशात यापुढे वांग्याची जी जी चाचणी होईल, तिथे एक ओळ त्याची लावायचीच, तुलनेसाठी. नवा वाण त्याच्यापेक्षा किती सरस, हे दरवर्षी छापून येईल. तुम्ही निवृत्त व्हाल, मीही होईन. नाव मात्र राहील, तक्त्याच्या तळाशी.

गुरुवारी तुमच्या समोरच्या खुर्चीत बसणारी,
महमुदा