माझ्या आवाजांना हात कोणी लावला

मंगळवार, ३ मार्च

जानेवारीपासून संशय होता, आज खात्री पटली: कोणीतरी माझ्या आवाजांना हात लावलाय.

तालमीत चौदा नंबर दाबला. नाव 'काच'. आणि बाहेर पडलं काय? ओल्या पोत्यात गुंडाळलेली काच! मग नऊ दाबला, 'होडी'. तीही तशीच. एकवीस, 'तिखट' — कसलं तिखट, मिळमिळीत पोंदूची पालेभाजी! सगळ्यांवर कोणीतरी गोधडी टाकल्यासारखं.

अँप, म्हणजे गिटारचा आवाज घडवून मोठा करणारं यंत्र, बँडचा आहे, मान्य. पण त्यातले एक्केचाळीस आवाज माझे आहेत. आमचा गायक बोलांबा, त्याच्या अंगणात बिअरच्या क्रेटवर बसून दोन वर्षं एकेक घडवलाय. नाव द्यायचं, पडद्यावर आठच अक्षरं मावतात, मग बटण दाबून धरायचं की तो त्या घरात राहायला गेला. पुन्हा पायानं दाबायच्या पट्टीवर तो नंबर दाबला की जसा ठेवला तसाच यायला हवा. तेवढ्यासाठीच तर हे यंत्र! आणि त्याच घरात दुसरं काही ठेवलं की पहिला गेला, कायमचा.

लोक आम्हाला गायकासाठी बोलावतात असं बोलांबाला वाटतं. वाटू दे. सेबेन सुरू झाला, गाणं थांबून गिटार धावायला लागली, की लोक उठतात ते माझ्यासाठी.

बोलांबाला सांगितलं. म्हणाला, मला तर सारखंच ऐकू येतंय. गायकाचे कान!

बुधवार, ४ मार्च

चौदा, नऊ, एकवीस परत बसवले. ट्रेबल, म्हणजे वरच्या बारीक सुरांची धार, वर चढवला, कान म्हणेल तिथपर्यंत. आकडे मी बघत नाही. त्या बारक्या पडद्यासाठी चष्मा लावायला मी काय कारकून आहे?

गुरुवार, ५ मार्च

पुन्हा गोधडी! काल संध्याकाळी बसवलेले आवाज आज दुपारी मेलेले.

म्हणजे रात्रीतून किंवा सकाळी. अंगणातल्या खोलीच्या किल्ल्या दोनच. एक बोलांबाकडे, त्याला अँप चालू कुठून करायचा हे अजून माहीत नाही. दुसरी प्लामेदीकडे.

शनिवार, ७ मार्च

प्लामेदीबद्दल आज लिहूनच टाकतो.

तीन वर्षांपूर्वी चर्चमध्ये वाजवायची. मी आणली तिला. दुसऱ्या गिटारवर बसवली. बोलांबा नको म्हणत होता — बाई गिटारवर कशाला, नाचायला घे. मी भांडलो तिच्यासाठी. डाव्या हाताचा अंगठा कुठे ठेवायचा इथपासून मी शिकवलं. मासिनाहून दोन बस बदलून येते आणि सगळ्यांच्या आधी हजर. सकाळी नऊला खोली उघडून एकटी वाजवत बसते. मला त्याचं कौतुक होतं. होतं!

जानेवारीत तिनंच विषय काढला होता. म्हणे, याया — थोरला भाऊ म्हणून सगळे मला याया म्हणतात — आपल्या कार्यक्रमाच्या क्रमानं आवाज ओळीने लावून देऊ का, एकाच गाण्यात तुम्हाला तीनदा वाकून शोधावं लागतं. मी तिला तिथेच गप्प केली. माझ्या घरातली भांडी कुठे ठेवायची ते मी ठरवीन.

आता कळतंय. आधी ओळीने लावायचे, मग बिघडवायचे, मग म्हातारा वाईट वाजवतो म्हणायचं, आणि मग पुढची जागा कोणाला? साळसूदपणे 'याया, पाणी आणू का' विचारते ती बाई!

मंगळवार, १० मार्च

पुन्हा तेच. एक शब्द बोललो नाही. तालीम संपल्यावर अँप उचलला, मोटरसायकलवाल्याच्या मागे मांडीवर घेऊन बसलो आणि घरी आणला. प्लामेदी फाटकापर्यंत मागे आली. याया, शनिवारी लग्नाचा कार्यक्रम आहे, तो इथेच राहू द्या, म्हणाली. तोंड उतरलं होतं. उतरणारच. चोराच्या हातातून किल्ली गेली!

न्केंगेचा त्रागा — पलंगाजवळ हे धूड कशाला? माझ्या बायकोला तीस वर्षांत गिटारीचं काही सोयरसुतक नाही. वर म्हणते, टीव्ही लहान कर, शेजारी बोलतात. शेजारी बोलतात म्हणे! या घरात कोणी नीट बोलतंय कुठे? सगळे तोंडातल्या तोंडात पुटपुटतात आणि 'काय' विचारलं की कपाळाला आठ्या घालतात.

शुक्रवार, १३ मार्च

तीन दिवस निवांत बसून सगळे एक्केचाळीस धुऊनपुसून घेतले. 'काच' पुन्हा काच झाली. उद्या लग्नात बघा म्हणावं!

रविवार, १५ मार्च

काल काय झालं ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी मला वेगळं सांगायला नको.

पहिली दोन गाणी झाली. तिसऱ्यात सेबेन. मी चौदा दाबला आणि सुटलो. पुढच्या टेबलावर नवरीची आत्या होती, हिरव्या कापडातली. तिनं दोन्ही कानांवर हात ठेवले. मग तिच्या शेजारच्यानं. नाचणारे थांबले. सेबेनमध्ये नाचणारे थांबले! तीस वर्षांत असं झालं नव्हतं. मिक्सरवरच्या म्बालानं माझा आवाजच खाली ओढला. मी वाजवतोय, बोटं फाटेस्तोवर, आणि कोणाला ऐकूच येत नाही. शेवटी प्लामेदीनं तिच्या गिटारवर माझी धून उचलली. लोक परत नाचायला लागले.

माझी धून!

मध्यंतरात मागच्या खोलीत सगळ्यांसमोर मी तिला विचारलं. सरळ. 'माझ्या आवाजांना हात लावलास की नाही?'

ती खाली बघत उभी राहिली. गिटारचा पट्टा बोटाला गुंडाळत. मी पुन्हा विचारलं. म्बाला म्हणाला, याया, लोकांत तमाशा नको. मी म्हटलं, तमाशा झालाच आहे, आता निकाल होऊ दे. तिला नाही म्हणायचं असतं तर एका शब्दाचं काम होतं. तो शब्द तिनं काढला नाही. गप्प बसणं म्हणजे कबुली, हे माझ्या गावच्या म्हाताऱ्यांनाही माहीत होतं.

मी बोलांबाला सांगितलं, ही किंवा मी. बोलांबानं दोघांकडे पाहिलं. घाम पुसला. तिला म्हणाला, तू काही दिवस घरी थांब.

तिनं गिटार पेटीत ठेवली. माझ्या समोरून जाताना एवढंच म्हणाली, 'याया, चौदा थोडा खाली घ्या. ऐका माझं.'

उद्धटपणा बघा! जाता जाता गुरूला शिकवणी!

सोमवार, १६ मार्च

कानात परवापासून रातकिडा ओरडतोय. म्बालानं स्पीकर माझ्या डोक्याशी लावले होते. त्यालाही बघून घेतो.

गुरुवार, १९ मार्च

चौदा मेलाय.

अँप माझ्या पलंगाखाली आहे. प्लामेदी मासिनाला. मग कोण? न्केंगेला विचारलं, झाडताना बटणं फिरवलीस का? तिनं हातातला झाडू माझ्या पायाशी टाकला आणि आवारात निघून गेली. माझ्या पोरीवर ओरडलो, ती शाळेचा डबा न घेता गेली. घरात आता कोणी माझ्याशी बोलत नाही. बरंच आहे. नाहीतरी पुटपुटणंच!

यंत्रच बिघडलं असणार. सोमवारी दुरुस्तीला नेतो.

सोमवार, २३ मार्च

न्सिलूच्या दुकानात गेलो. रेडिओपासून कीबोर्डपर्यंत सगळं दुरुस्त करतो, माझ्याच वयाचा. त्यानं अँप संगणकाला जोडला. माझ्याकडे वळून म्हणाला, ट्रेबल नऊवर आहे, दहापैकी. सगळ्या आवाजांचा. एवढा कशाला?

मी म्हटलं, यंत्र खोटं बोलतंय.

त्यानं वाद घातला नाही. स्पीकरमधून नुसती एक शिट्टी सोडली, बारीक, आणि हळूहळू वर न्यायला लागला. म्हणाला, ऐकू येणं थांबलं की हात वर कर. मी हात वर केला. तो माझ्याकडे बघत राहिला. बोट अजून बटणावरच. मी म्हटलं, झालं की, बंद झाली. तेवढ्यात समोरच्या दुकानातल्या शिंपिणीनं शिलाई थांबवून, कानात बोटं घालून इकडे तोंड केलं. तिचे ओठ हलताना दिसले. न्सिलूनं सांगितलं ती काय म्हणाली ते — 'तो डास मारा कोणीतरी.'

मला काही ऐकू येत नव्हतं. काहीच नाही.

खुर्चीवर बसलो. मग विचारलं, माझे जुने आवाज परत मिळतील का? दोन वर्षांपूर्वीचे, पहिले? तो म्हणाला, प्रत्येक वेळी बटण दाबून ठेवलेलं हे यंत्र टिपून ठेवतं, तारीख-वेळेसकट. शोधून देतो. तेवढ्यात वीज गेली. अँप तिथेच ठेवून आलो. चालत. सगळा रस्ता.

मंगळवार, २४ मार्च

डॉक्टरनं तेच सांगितलं, फक्त कागदावर. वरचे सूर गेले. परत यायचे नाहीत. उरलेत ते जपायचे असतील तर स्पीकरपासून लांब.

तीस वर्षं कानाजवळ ढोल बडवून घेतले, आणि राग कोणावर काढला! न्केंगेसमोर कागद ठेवला. तिनं वाचला, घडी घातली. मग माझ्या उजव्या कानाशी वाकून, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, 'दोन वर्षं झाली, मी तुझ्या उजव्याच बाजूला बसते. तुझ्या लक्षात नाही आलं?'

नाही आलं. कोणीच कसं सांगितलं नाही! तिला म्हटलं तसं. ती म्हणाली, तुला कोण सांगणार? तू ऐकतोस कोणाचं?

शुक्रवार, २७ मार्च

आज मासिनाला गेलो. दोन बसगाड्या. दुसरीत उभं राहून. ती रोज हे करायची.

प्लामेदी नव्हती. तिची आई दारात मासे विकते, खारवलेले. मला ओळखलं, पण बसा म्हणाली नाही. प्लामेदी नदीपलीकडे ब्राझाव्हिलला गेलीय, मावशीकडे, तिकडच्या एका हॉटेलात वाजवायला. कधी येईल? आईनं खांदे उडवले. म्हणाली, 'पापा मालांदा, लग्नघरात माझ्या पोरीला चोर म्हणालात. मासिनात सगळ्यांना माहीत झालंय.'

चोर हा शब्द मी तोंडानं उच्चारला नव्हता, असं सांगणार होतो. या वहीत उच्चारलाय.

तिला सगळं सांगितलं. कानाचं, डॉक्टरचं. प्लामेदीनं काही केलं नव्हतं, चूक माझी, हे तिच्या गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं बोललो. मला आता मोठ्यानंच बोलता येतं. एक बाई मासे निवडता निवडता थांबून ऐकत होती. ऐकू दे. चारचौघांत घालवलेलं नाव चारचौघांतच परत द्यायला हवं.

आईनं शेवटी फोन नंबर दिला. पाणी मात्र दिलं नाही.

शनिवार, २८ मार्च

बँडसमोरही सांगितलं. म्बाला खाली बघत होता, त्याला अंदाज असणार. बोलांबा म्हणाला, मग तिला परत बोलावू. वर म्हणतो, तू सांगितलंस म्हणून मी तिला घालवली! मला सांगतोय! तीन वर्षं जी सगळ्यांच्या आधी येत होती तिला एका मिनिटात 'घरी थांब' म्हणणारा तोच. त्याचाही राग आला. पण माझा स्वतःवरचा एवढा मोठा आहे की त्याच्या वाट्याला फार उरला नाही.

रात्री प्लामेदीला पोरीकडून निरोप लिहून घेतला. तुझ्यावर खोटा आळ घेतला. परत ये. उत्तर नाही.

गुरुवार, २ एप्रिल

न्सिलूनं यादी दिली. चष्मा लावून वाचली.

नऊ जानेवारीपासून दहा मार्चपर्यंत मी एकवीस वेळा ट्रेबल चढवून ठेवलाय, संध्याकाळी. आणि प्रत्येक वेळी पुढच्या सकाळी, नऊनंतर, कोणीतरी तो परत खाली आणून ठेवलाय, अगदी दोन वर्षांपूर्वी मी घडवला होता तेवढाच. एकदाही कमी-जास्त नाही. दहा मार्चला मी अँप घरी आणला, तिथे हे थांबतं.

आत्ता पोरीनं प्लामेदीचं उत्तर वाचून दाखवलं, उजव्या कानाशी, दोनदा: 'आळ खोटा नव्हता, याया. हात मीच लावला. कान गेल्याचं तुम्हाला कळलं असतं तर तुम्ही गिटार खाली ठेवली असती.'