पाच रात्रींचं पॅकेज

प्रिय सिस्टरबाई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे तसंच कपाटावर टाकलं असशील, आणि तुझ्या बहिणीनं तीनदा विचारल्यावर नाइलाजानं फोडलं असशील. त्यातून आधी ही रंगीत पत्रकं बाहेर पडली असतील. तुला वाटेल, या माणसाचं डोकं फिरलं. नांदत होतो तेव्हा कधी धड फिरायला नेलं नाही, आणि वेगळं राहायला लागून अडीच वर्षं झाल्यावर याला बोटीची सफर सुचते आहे. तसं वाटलं तर मला राग नाही. पण पत्रकं फाडू नकोस. बाजूला ठेव आणि हे शेवटपर्यंत वाच.

आपल्या बंदरातून आता एकाच कंपनीच्या तीन बोटी सुटतात. धाकटी तीन रात्रींची, मधली पाच, मोठी सात. तिघींच्या पत्रकांवर मोठ्या अक्षरात छापलंय, 'सगळं धरून'. त्या 'सगळं'च्या डोक्यावर एक बारीकशी चांदणी आहे, आणि चांदणीचा अर्थ पानाच्या तळाशी मुंगीच्या पायाएवढ्या टायपात. छापखान्यात जन्म गेला माझा, मी सुरुवात तळापासूनच केली. धाकटीवर जेवण धरून आहे, पण चहा फक्त जेवणघरात. खोलीत मागवला तर वेगळा. खोलीला खिडकी नाही, खिडकीच्या जागी समुद्राचं चित्र लावलंय. मोठीला स्वतंत्र गच्ची आहे, वाटेत दोन बेटं आहेत, पण बेटावर उतरवणारी होडी 'सगळं'मध्ये बसत नाही. म्हणजे बेट लांबूनच बघायचं. मधलीला गोल खिडकी, दोन्ही वेळचा चहा, पायऱ्या कमी, आणि चोवीस तास डॉक्टर आणि नर्स. हे वाचून तू नर्सच्या पगाराची चौकशी करशील, माहीत आहे मला. वहीत रकाने पाडून सगळं उतरवलंय. मधलीच बरी. पण मी तिला निवडलं ते चहासाठी किंवा खिडकीसाठी नाही.

बंदरासमोरच्या बुकिंग ऑफिसात मी निदान दहा वेळा गेलो असेन. खिडकीवर एक मुलगी बसते, तुझ्या भाचीच्या वयाची, बोलता बोलता पेनानं कान खाजवते. पहिल्या दोन-तीन खेपांना तिनं हौसेनं सगळं समजावलं. मी मात्र भलतंच विचारायचो. मधल्या बोटीच्या स्वयंपाकघरात माणसं किती असतात? ती कायम एकाच बोटीवर राहतात का? त्यांना सुट्टी कुठे मिळते? सहाव्या खेपेला तिनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाली, "काका, तुम्हाला बोट बघायचीय, की बोटीवरचं कोणी?" मी म्हणालो, "मुलगा." ती म्हणाली, स्टाफची नावं सांगायची नाहीत असा नियम आहे, आणि सांगूनही उपयोग नाही, दर काही महिन्यांनी त्यांना एका बोटीवरून दुसऱ्या बोटीवर हलवतात. मग मान वर न करता कागदांना पिना मारत म्हणाली, "दर शुक्रवारी संध्याकाळी मधली बोट सुटते. दुपारी स्टाफ दोन नंबरच्या गेटातून बाजारात जातो. हे काही गुपित नाही, चहावाल्यालाही माहीत आहे."

हो, आपलाच मुलगा. घाबरू नकोस, धडधाकट आहे. आपल्या छापखान्यातला जुना बाइंडर सुनेच्या माहेरच्यांबरोबर मधल्या बोटीच्या सफरीला गेला होता, त्यानं त्याला पाहिलं. पांढरी टोपी घालून काउंटरमागे फळं कापत होता. बाइंडरनं हाक मारली तर हसला, आणि त्याच्या ताटलीत पपईचे दोन काप जास्त घातले. तुझ्या वाढदिवसाला तो तुला दर वर्षी 'हॉटेलात काम करतो, बरा आहे' एवढंच कळवतो ना? तुझ्या बहिणीनं सांगितलं. खोटं नाही ते. त्याचं हॉटेल पाण्यावर चालतं, एवढंच सांगायचं राहिलंय.

मला ती तीन वर्षांपूर्वीची संध्याकाळ आठवते. तुलाही आठवत असेल, पण तुला अर्धीच माहीत आहे. तो माझ्या हाताखाली लागून वर्षही झालं नव्हतं. औषधाच्या खोक्यात घालायची माहितीपत्रकं आम्ही छापली, आणि लहान मुलांच्या मात्रेत अर्ध्या गोळीच्या जागी दीड गोळी पडली. गठ्ठे औषध कंपनीच्या गोदामात पोचले आणि तिथे एका बाईच्या नजरेला आलं म्हणून थांबले. कुणाला इजा झाली नाही. पण ते काम कायमचं गेलं, आणि मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे कुणी केलं? पुढे काय झालं ते तुला ठाऊकच आहे. त्याला त्याच दिवशी काढलं. तू ड्युटीवरून आलीस, पर्ससुद्धा खांद्यावरून उतरवली नाहीस. म्हणालीस, "चौतीस वर्षं मी या हातांनी लेकरांना औषधं मोजून दिली, आणि माझ्याच घरात—" तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा होता. म्हणाला, "चूक माझी झाली, आई." नवव्या दिवशी त्यानं बॅग भरली.

तू मला सोडून गेलीस तेव्हा दारात काय म्हणालीस, ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "मी रागावले, कारण मला राग आला. पण तुम्ही त्याचे बाप होतात, तिथले फोरमन होतात. त्याच्या बाजूनं तुमच्या तोंडून एक शब्द निघाला नाही." मी गप्प राहिलो. त्याला तू माझा ताठा समजलीस. ताठा असता तर बरं झालं असतं.

पहिल्या शुक्रवारी मी दोन नंबरच्या गेटासमोर एका टेम्पोच्या आडोशाला उभा राहिलो. तो दोन मित्रांबरोबर बाहेर आला. दाढी राखलीये, खांदे भरलेत. साबण आणि मोजे घेतले, कशावर तरी तिघं खूप हसले, आणि परत आत गेले. मी टेम्पोआडून बाहेर आलो नाही. पुढच्या शुक्रवारी त्यानंच मला पाहिलं. मित्रांना पुढे जायला सांगितलं आणि रस्ता ओलांडून आला. मला वाटलं, आता काय ते बोलून टाकेल. तर विचारतो काय, "बाबा, गुडघा कसा आहे?" त्याच्या अंगठ्याला पट्टी होती. मी विचारलं, तर म्हणाला, अननसानं कापलं, रोजचंच आहे. आम्ही तिथल्याच बाकावर बसलो. मग म्हणाला, "आई?" मी म्हणालो, "बरी आहे." तू माझ्याजवळ राहत नाहीस, हे मला सांगवलं नाही. तो समोरच्या क्रेनकडे बघत म्हणाला, "आईला अजून तसंच वाटतं का, की ते मी केलं?"

मी हो म्हणालो. "असू दे. जुनं झालं आता," तो म्हणाला, आणि घड्याळ बघून उठला, चारच्या आत बोटीवर हजर व्हायचं असतं. जाता जाता म्हणाला, अजून दोन महिने याच बोटीवर आहे, नंतर कुठे टाकतील माहीत नाही. मला ये म्हणाला नाही, येऊ नका असंही म्हणाला नाही. मी बाकावर बसून राहिलो. ऑफिस बंद व्हायच्या आत उठलो आणि त्या मुलीकडून मधल्या बोटीचं तिकीट काढलं, पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारचं. एकच, तुझ्या नावाचं. तिनं विचारलं, "एकट्याच जाणार काकू?" मी म्हणालो, "हो, तिथे त्यांचं माणूस आहे."

पाकिटात तिकिटाच्या मागे एक घडी घातलेला पिवळट कागद आहे. ते औषधाच्या त्या माहितीपत्रकाचं शेवटचं प्रूफ, छपाईआधी तपासून सही करायची प्रत. त्यातल्या मात्रेच्या ओळीभोवती तांबड्या पेन्सिलीचं वर्तुळ दिसेल. ते त्यानं केलेलं आहे. चूक त्याला दिसली होती, सिस्टरबाई. तो कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "बाबा, हा आकडा एकदा बघून घ्या." चार कामगार ऐकत होते. कालच्या पोरानं सगळ्यांसमोर माझी चूक काढावी, हे मला सोसलं नाही. मी म्हणालो, मला शिकवू नकोस, आणि न वाचता सही केली. सही वर्तुळाला चिकटूनच आहे. मालकांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, छपाईची प्लेट मशीनवर यानं चढवली, चूक याचीच. त्यानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्याच दिवशी मी हा कागद फाइलीतून काढून घरी आणला. जाळायचा होता, जाळला नाही. काल मालकांच्या घरी जाऊन सगळं सांगितलं. ते बसा किंवा जा यातलं काहीच न म्हणता उठून आत गेले. आता तुला सांगतो आहे. हे त्याच्याकडून तुला कधीच कळलं नसतं, आणि तू बोटीवर गेली असतीस तर ती त्याला माफ करायला म्हणून. ते होऊ नये म्हणून हे पत्र. माझ्या वतीनं त्याच्याशी काही बोलू नकोस. तुला कळलं आहे, एवढंच त्याला सांग, आणि मग तुम्हा दोघांना जे बोलायचं ते बोला. मी त्या दिवशी धक्क्यावर येणार नाही.

म्हणायचा हक्क उरला नसला तरी, तुझाच
फोरमन