लग्न लावणारी बाई

माय,

काल विहारात तुझा फोटो लावला. देवपूरच्या आपल्या त्याच विहारात, जिथे तुला कधी पुढे बसू दिलं नाही! समितीच्या नानांनी हार घातला आणि माइकवरून तुला 'धम्माची निष्ठावंत सेविका' म्हणाले. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. तणतणत घरी आले आणि लिहायला बसले. तुझ्याशिवाय हे कुणाला सांगू?

जळगावच्या शिबिरात तू विधी शिकून आलीस, तेव्हा आपल्या गल्लीत एकच टीव्ही होता. भाकरी थापता थापता गाथा म्हणायचीस आणि आबा वैतागायचे. मग धरणगावच्या एका लग्नात विधी लावणारे गृहस्थ आलेच नाहीत. मांडव खोळंबला. तू उठलीस, त्रिशरण-पंचशील म्हटलंस, नवरा-नवरीकडून प्रतिज्ञा म्हणवून घेतल्यास. लोक खूश होऊन जेवले की गं!

आणि लगेच समितीचं बोलावणं. "बाईमाणूस लगीन लावस का कोठे?" नाना सगळ्यांसमोर ओरडले.

तू म्हणालीस, "तोंड बाईनं शे नाना, पन धम्म तर तोच शे ना?"

तेव्हापासून विहार तुला बंद. नळावर समितीवाल्यांच्या बायका तुझ्याशी बोलेनात. नवरा असून आबांनीही तोंड फिरवलं. तरी ज्यांच्या दारी कुणी फिरकत नव्हतं, त्यांच्याकडे पांढरं लुगडं पिशवीत घालून तू एस.टी.ने विधी लावायला जायचीस. कंटाळा कसा यायचा नाही तुला? नानांना समोरून नमस्कार करायचीस, त्याचा तर मला संताप यायचा!

पण माझ्या लग्नात काय झालं, माय? जळगावची वरात दारात आली आणि सासरे अडून बसले. बाईने विधी लावला तर माघारी जाऊ म्हणाले. साऱ्या समितीला पुरून उरलेली तू, मुकाट्याने बाजूला झालीस. विधी नानांनी लावला. तू बायकांत मागे बसून ओठातल्या ओठात गाथा म्हणत होतीस. मी बोहल्यावरून पाहत होते. का ऐकलंस त्यांचं?

काल कार्यक्रम संपल्यावर नाना जवळ आले. "तुन्या मायनं मोठं काम करं, बेटा."

मी विचारलं, "मग आता बाईला पुढे बसवाल?"

"ते समिती ठरवेल," म्हणाले आणि चहाकडे वळले. एवढीच तुझी किंमत!

पुढच्या महिन्यात भाऊच्या मुलीचं लग्न आहे. विधी मी लावणार; तुझ्या गाथा ऐकून ऐकून मला पाठ आहेत. व्याही कुरकुरतायत, वरात माघारी फिरवू म्हणतायत. पोरगी ताडकन म्हणाली, "खुशाल फिरवा, विधी आत्याच लावेल." तिच्या आईबापांचाही होकार आहे. मी मागे हटणार नाही, माय, हा माझा शब्द.

तू माझ्यासाठी हटलीस, माझा संसार वाचावा म्हणून. कळतं मला. पण तेवढं सोडून तुझं सगळं मी माफ केलंय.

तुझीच,
कुंदा