दोन टकटक, थांबून एक

३ मार्च
आलो, टेकलो, चहाही झाला. कंपनीचं घर ऐसपैस. नळाला थेट विहिरीवरून आलेलं, जमिनीखालचं कढत पाणी. बायको खूश, म्हणते, संसारातलं निम्मं आयुष्य पाणी तापवण्यात गेलं, आता राणीसारखी राहीन.

काम माझ्या कानांजोगं. कारखान्याचा धूर पाण्यात विरघळवून खोल काळ्या खडकात सोडायचा. भूगर्भवाल्या बाईंनी खडकाचे तुकडे दाखवले. आधीचा जाळीदार, नंतरचा पांढऱ्या दगडाने गच्च बुजलेला. धुराचाच दगड! मी विहिरीत खोल उतरलेल्या पाइपावर हातोडी मारून कान लावायचा. आवाज खणखणीत तर वाट मोकळी, बद्द तर तुंबली. शाळा लवकर सुटली, पण ह्या कानांनी चार पंप दुरुस्त करता करता इथवर आणलं.

मुकादमांनी बजावलंय, ठोका एकच मारायचा. का, तर तशी पद्धत.

६ मार्च
आज गंमत म्हणून घरची खूण वाजवली. दोन टकटक, थांबून एक. मी दारावर अशीच वाजवतो, मग बायको न विचारता कडी काढते. मुकादम उखडले, "खाली काय सासुरवाडी आहे का तुमची?" मी हसत पाइपाला कान लावला.

खालून दोन. थांबून एक.

९ मार्च
घुमणारा आवाज, म्हणून सोडून दिलं होतं. पण आज मी हातोडी उचललीच नव्हती. तरी तेच ठोके आले, त्या दिवसापेक्षा जवळून.

१० मार्च
बायको फणकारली, दुपारी दार वाजवून पळालात, ह्या वयात शोभतं का. दुपारी मी विहिरीवर होतो. कडीवर पांढरा थर, खरवडून निघेना.

ती भांडी विसळत होती, तिथेच सांगितलं. खूण बंद. मी हाक मारीन, तेव्हाच उघड.

नळापाशी बोललो. नळापाशी बोलायला नको होतं—

१२ मार्च
आज पाइप गप्प. खाली कोणीच नाही. धावत घरी आलो.

हाक मारली. बायको आतून विचारते, कोण? आमचे हे तर घरात आहेत.

आत खोकला. माझा. हे कान चुकत नाहीत—

ओरडलो, मी आहे, बाहेर ये. आतला माझ्याच आवाजात म्हणाला, उघडू नकोस.

माझ्यामागोमाग आलेले मुकादम पहार आणायला गेलेत. धडका देऊन खांदा गेला. पायरीवर बसलोय, पहार येईपर्यंत खिशातल्या वहीत लिहितोय. दाराच्या फटी बुजताहेत, पांढऱ्या, खालून वर—

आता तीच आतून ठोकतेय. दोन. थांबून एक. बांगड्यांसकट. तिला कळलंय कोण बाहेर आहे—

पुन्हा दोन. थांबून—

बद्द. आवाज बद्द होत चाल