ब्रेक नसलेली यादी

३ ऑक्टोबर २००६, मंगळवार

नोव्हा गाडी तिसऱ्यांदा किल्ली फिरवल्यावर सुरू झाली. चोक पुन्हा चिकटतोय. ती छत्तीस वर्षांची, मी त्रेसष्टचा — थंडीत दोघांनाही उठवत नाही.

किराणा आणला. एकट्याचा किराणा! पाव अर्धा संपतो, उरलेल्या अर्ध्याला बुरशी येते. बायकोला, नदीनला, जाऊन आज पंचवीस आठवडे झाले. सगळे म्हणाले होते, हळूहळू सोपं जाईल. खोटारडे!

ठरवलंय. इथे लिहून ठेवतो, म्हणजे मागे फिरायला नको. बर्फ पडून रस्त्यावर मीठ टाकायच्या आत मी नसेन. गाडीतच. खाणीकडचा रस्ता तीन मैल सरळ जातो, टोकाला वळण आहे. वळायचं नाही, एवढंच.

५ ऑक्टोबर

कोरीनला कळता कामा नये. पोरगी तिकडे लांब टूसॉनला. आई गेली तेव्हा महिनाभर तिला घास गिळवत नव्हता. बापाने मुद्दाम केलं असं कळलं, तर जन्मभर स्वतःला खात बसेल. अपघातच दिसला पाहिजे.

डोकं चालवलं. नोव्हाचं इंजिन आता चढावर धापा टाकतं. त्यात ताकद भरायची. भरपूर! मग लोक आपणहून म्हणतील — म्हातारा चळला, एवढं इंजिन केलं आणि गाडी आवरली नाही. आमच्या सॅगिनॉमध्ये दोन-तीन वर्षांनी असा एखादा निघतोच. कोण शंका घेणार?

आणि खरं सांगायचं तर एकदा तरी तिचा तो आवाज ऐकायचाय. एकतीस वर्षं रोज चालवली. फाउंड्रीत मी, शाळेच्या स्वयंपाकघरात नदीन, कोरीनला दवाखान्यातून घरी आणली तीही हिच्यातूनच. दर वसंतात म्हणायचो, यंदा इंजिन करू. नदीन म्हणायची, "आधी छप्पर." पुढच्या वर्षी, "आधी कोरीनचे दात." झालं छप्पर. झाले दात. आता नाही म्हणायलाच कुणी नाही.

८ ऑक्टोबर, रविवार

कोरीनचा फोन. "डॅड, जेवतोस ना नीट?"

"जेवतो."

"दिवसभर काय करतोस?"

"नोव्हाचं इंजिन करावं म्हणतोय."

केवढी खूश झाली! "कर, कर! तेवढंच मन रमेल तुझं. आई असती तर म्हणाली असती —"

"आधी छप्पर," मी म्हटलं. दोघंही हसलो. फोन ठेवला आणि तिथेच भिंतीला टेकून उभा राहिलो. इतका नीच मी कधीच नव्हतो.

१० ऑक्टोबर

यादी करत बसलो. झडपा उघडणारा कॅम मोठा, गाडी जागेवर उभी असली तरी थरथरली पाहिजे असा. कार्ब्युरेटर त्याला शोभेल एवढा. धूर मोकळा जायला हेडर्स. हेड नवे. मागचा गिअर असा, की पाय ठेवला की पाठ सीटला चिकटावी. खोडलं, पुन्हा लिहिलं. हा कॅम घेतला तर ते स्प्रिंग लागणार, ते घेतले तर... तासभर नदीनची आठवण आली नाही. मग आली ती दुप्पट आली.

ब्रेक? चारी चाकांना जुने ड्रम. पावसात दाबले तर विचार करून थांबतात. पुढे डिस्क लावायच्या म्हणजे आठवड्याचं काम. कशाला? थांबायचंय कोणाला! टायरही आहेत तेच राहू देत.

१२ ऑक्टोबर

यादी घेऊन एमेटकडे गेलो. एमेट टिब्स. चाळीस वर्षं त्याच सुट्या भागांच्या दुकानात, त्याच काउंटरमागे. माझ्या लग्नात शेजारी उभा होता, नदीनच्या शवपेटीला खांदा दिला.

"मेला नाहीस अजून?" हे त्याचं नेहमीचं.

"तुझ्याआधी नाही." हे माझं.

कपाळावरचा चष्मा नाकावर आणून त्याने यादी वाचली. पुन्हा वाचली. मग कागद उलटून मागे बघितलं.

"मागे काय शोधतोस?"

"ब्रेक. टायर."

"बघू नंतर."

त्याच्या काउंटरचा नियम अख्ख्या गावाला पाठ आहे — गाडी रोजच्या वापरातली असेल तर आधी ब्रेक, मग टायर, मग इंजिन. हे ऐकवल्याशिवाय तो मेयरलासुद्धा कॅम विकायचा नाही. म्हटलं, आता तासभर प्रवचन! पण नाही. कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. "बरं. मागवतो," म्हणाला.

१३ ऑक्टोबर

एवढ्या सहज "बरं" कसा म्हणाला?

१९ ऑक्टोबर

एमेटला फोन केला. "हेडर्स निघालेत, वाटेत आहेत. कॅमचा पत्ता नाही." मला घाई आहे म्हटलं. "कसली?" म्हणाला. काय सांगणार! थंडी, म्हटलं.

२६ ऑक्टोबर

आता म्हणतो कॅम आला पण चुकीचा आला, परत पाठवला. चाळीस वर्षांत या माणसाने चुकीचा बोल्टसुद्धा मागवलेला नाही. थकला बिचारा.

संध्याकाळी स्वतःच आला, वाटाणा-हॅमचं सूप घेऊन. मी सांगितलं नव्हतं. जबरदस्तीने खायला लावलं, सिंकमधली चार दिवसांची भांडी घासली. "तुझ्या घराला वास येतोय, लाइल." म्हटलं, येऊ दे. मग बॉनेट उघडून चोक बघत बसला. अर्ध्या तासात मोकळा केला. हात अजून तसाच आहे त्याचा. उगाच थकला म्हणालो.

१ नोव्हेंबर

पहिलं दंव. रेडिओवर म्हणे पुढच्या पंधरवड्यात बर्फ.

नदीनचा कोट अजून दाराशी खुंटीवर. येता-जाता खांदा लागतो. काढवत नाही, आणि बघवतही नाही. सकाळी उठलो की पहिली दोन मिनिटं बरी असतात, मग कळतं. रोज नव्याने कळतं! हे कुणी आधी सांगितलं नव्हतं.

इंजिनही नको आता. आवाजही नको. नुसतं संपू दे.

८ नोव्हेंबर, बुधवार

एमेट! दगाबाज!

न कळवता दुकानात गेलो. तो मागच्या खोलीत. काउंटरच्या आत सहज डोकावलो, तर खाली पाच खोकी. प्रत्येकावर माझं नाव. आल्याची तारीख — १८ ऑक्टोबर! तीन आठवडे पायाशी घेऊन बसलाय आणि मला सांगतोय, वाटेत आहेत!

"हे काय आहे?" असा ओरडलो की दोन गिऱ्हाइकं होती ती बाहेर सटकली.

"तुझं सामान," म्हणाला. "देणार नाही."

"पैसे दिलेत मी!"

"परत घेऊन जा."

मग दाराची पाटी 'बंद'वर फिरवली आणि स्टुलावर बसला. "कर्टिसची यादी अशीच होती," म्हणाला.

कर्टिस त्याचा धाकटा भाऊ. एकोणनव्वद साली गेला, त्या खाणीच्याच रस्त्यावर. सगळं गाव म्हणालं, गाडी आवरली नाही. मीसुद्धा म्हणालो होतो.

"कॅम, कार्ब्युरेटर, हेडर्स. ब्रेक नाहीत," एमेट सांगत होता. "मीच विकलं सगळं. भाऊ म्हणून स्वस्तात लावलं. वर चेष्टा केली, काय रे, ब्रेकला पैसे उरले नाहीत वाटतं? हसला तो. सतरा वर्षं मला ते हसणं दिसतंय." मग सरळ माझ्याकडे बघितलं. "गाड्यांमध्ये जन्म गेलेला माणूस ब्रेक विसरत नाही, लाइल. नको असतात म्हणून लिहीत नाही."

मी दाराकडे निघालो. जाता जाता ओरडलो — "तुझ्या खोक्यांवाचून अडलंय का माझं? जुन्या इंजिनानेही पोचतो माणूस तिथे!"

दार आपटून आलो. तो मागून हाका मारत होता. थांबलो नाही.

उद्या सकाळीच. कोरीनला वाटायचं ते वाटो. नाही, असं कसं लिहिलं मी? पण आता ताकदच नाही.

९ नोव्हेंबर

उजाडताच गाडीत बसलो. किल्ली फिरवली. इंजिन गरगरतंय, पेट घेत नाही. दहा वेळा केलं. शेवटी बॉनेट उघडून डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढली — आत रोटर नाही! अंगठ्याएवढा तुकडा, पण ठिणगी वाटायचं काम त्याचं. तो नसला की गाडी म्हणजे अंगणातलं लोखंड. आणि टोपी परत जागेवर बसवून क्लिपा लावलेल्या. चोर एवढा नीटनेटका नसतो.

पाहतो तर फाटकात एमेट. दोन्ही हातांत कॉफीचे पेले, डोळे सुजलेले.

"उजाडायच्या आत येऊन काढला. पोलिसांना सांग जा." खिशातून रोटर काढून दाखवला, परत ठेवला. "रोज साडेसातला घेऊन येईन. बसवू, दोघं मिळून तुझी कामं करून येऊ. मग काढून नेईन."

"दुकान?"

"दहाला उघडेन."

"असं किती दिवस करणार आहेस, गाढवा?"

"मला घाई नाही."

फाउंड्रीत शिकलो होतो तेवढ्या सगळ्या शिव्या दिल्या. तो कॉफी पीत राहिला. शेवटी म्हणाला, "झाल्या? बस गाडीत, थंड होतेय तुझी."

१० नोव्हेंबर

आला.

१४ नोव्हेंबर

टपालघरात जायचं म्हणून निघालो, तर लबाडाने गाडी डॉक्टरच्या दारात वळवायला लावली. "उतर." नाही म्हटलं. "मग मीही बसतो इथेच." बसला की! वीस मिनिटं दोन म्हातारे काचा बंद करून बसलेले. शेवटी मीच उतरलो. सगळं सांगितलं डॉक्टरला. खाणीचा रस्तासुद्धा. सांगताना लाज वाटली, सांगून झाल्यावर झोप आली. गोळ्या दिल्यात. एक बाई आहे, तिच्याकडे गुरुवारी बोलायला जायचंय. मी आणि बोलणार!

फरक काही नाही. तो कोट तिथेच, मी इथेच.

२० नोव्हेंबर

आज एमेटला उशीर झाला म्हणून फाटकापर्यंत जाऊन आलो. उशीर नव्हता. माझंच घड्याळ पुढे.

२३ नोव्हेंबर, थँक्सगिव्हिंग

एमेटच्या घरी. टर्की करपलेली. त्याला पहिल्यापासून येत नाही, नदीन पाठवायची दरवर्षी. भोपळ्याची गोड पाई बाहेरून आणलेली. ती खाताना रडू फुटलं. आवाज करून रडलो, एप्रिलनंतर पहिल्यांदा. त्याने बघितलं नाही माझ्याकडे, रुमाल सरकवला.

"अजून वाटतं तसं?" नंतर विचारलं त्याने.

"रोज."

"सकाळी?"

"सकाळी तू असतोस. दुपारी."

"मग दुपारीही येतो."

"नको रे बाबा! एकदा येतोस तेवढं पुरे."

२९ नोव्हेंबर

बर्फ. पालिकेची गाडी मीठ टाकून गेली. म्हणजे मुदत टळली. मी आहे. आहे म्हणजे काय, नुसता आहे. खिडकीत बसून ते पांढरं बघत होतो आणि बरं असं काहीच वाटलं नाही. नोव्हाच्या चाकांवरचा पत्रा या हिवाळ्यात मिठाने गंजून जाणार.

४ डिसेंबर, सोमवार

साडेसात. आठ. सव्वाआठ झाले, एमेट नाही. फोन वाजतोय, उचलत नाही. पुन्हा केला, तेच. रोटर बसवला आणि निघालो. रस्ता निसरडा, जुने ड्रम, प्रत्येक चौकात वाटे की ही थांबणार नाही, आणि मी त्याच्यापर्यंत पोचणार नाही. आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.

दार त्यानेच उघडलं. तापाने फणफणलेला, अंगाला ब्लँकेट गुंडाळलेलं. "फोन ऐकलाच नाही, लेका." मग माझ्या मागे उभी नोव्हा बघितली. सुरूच ठेवली होती मी. काही विचारलं नाही त्याने. मलाच राहवेना.

"दुसरा रोटर आहे माझ्याकडे," म्हटलं. "हत्यारांच्या पेटीत. पहिल्या दिवसापासून होता."

"ठाऊक आहे," म्हणाला. "मीच विकला होता तुला. आत ये, थंडी येतेय."