पैलपाड्याचं दुपटं

सोमवार, ९ नोव्हेंबर १९५३

पोचलो एकदाचे! भाऊच्या धक्क्यावरून रेवसपर्यंत लाँच, पुढे यष्टी, रेवदंड्यापासून होडी. मैना लाँचवर दोनदा ओकली, दोन्ही वेळा एका शेटजींच्या धोतराशेजारी. शेटजी बिचारे देवमाणूस, उलट पोरीला लिंबू दिलं. सहा वर्षांची पोर घेऊन एकटी बाई त्या आडगावी कुठे जातेस, असं आमच्या वाईला सगळे म्हणत होते. बघा म्हणावं आता येऊन!

बोरबंदर हे गाव कोळ्यांचं. दवाखाना धक्क्याला लागूनच आहे, पुढे दोन खोल्या आणि मागे आमची एक. दारात उभं राहिलं की अख्खी खाडी समोर. भरतीला होड्या पायरीपर्यंत येतात. ओहोटीला पाणी पार निघून जातं आणि मांडीभर चिखल उरतो. पाणी गेलं कुठे, असं मैनाने विचारलं. मी सांगितलं, जेवायला गेलंय.

झाडलोटीला गोदूबाई आहे, साठीची पण काटक. दवाखान्याच्या होडीवर तुळशीराम. डॉक्टरसाहेब रेवदंड्याला बसतात, इथे फक्त गुरुवारी येतात. उरलेले सहा दिवस मीच डॉक्टर. नर्सबाई, चैन आहे तुझी!

गुरुवार, १२ नोव्हेंबर

आज डोकं फिरलं माझं. खाडीवर पुढे मिठपाडा आहे, मिठागरावर राबणाऱ्यांची दहा घरं. तिथली कमळ तान्ह्याला घेऊन आली. पोराला पहाटे आचके यायला लागले. घरच्यांनी आधी त्याच्या पोटावर तीन डाग दिले आणि मग भरतीची वाट बघत बसले. तिने आपल्या पायरीवर पाय ठेवला तेव्हा पोर गेलेलं होतं. आणि मी सकाळपासून इथे बाटल्या पुसत होते! होडी बांधलेली, तुळशीराम विडी ओढत बसलेला. कळलंच नाही तर जाणार कशी?

डॉक्टरसाहेबांपाशी सगळा राग काढला. म्हणाले, या दिवसांत घटसर्पही निघतो, मुलाच्या घशात पांढरा पापुद्रा दिसला तर तासाचाही उशीर करू नका. सीरमच्या दोनच बाटल्या देऊन गेले. ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवल्यात.

शनिवार, १४ नोव्हेंबर

सुचली युक्ती! दवाखान्याच्या जुन्या चादरी फाडून आठ पांढरी कापडं केली, पाड्यापाड्याला वाटायला. मूल आजारी पडलं की कापड उंच काठीवर चढवायचं. मी दिवसभर खाडीवर नजर ठेवीन. नियम असा, की कापड दिसलं की कोण, कुठला, कुठल्या जातीचा, काही विचारायचं नाही. निघायचं. धक्क्यावर उभी राहून सगळ्यांना हे ऐकवलं. माझा आवाज तसा खणखणीत आहे.

निदान माना तरी डोलवतील असं वाटलं होतं. पण गावचे अंबाजी पाटील जमिनीकडे बघत म्हणाले, लाल लावा. तुळशीरामचंही तेच, पांढरं नको बाय, लाल. म्हटलं, लग्न आहे का कुणाचं? खाडीकाठी सगळी हिरवी तिवरं, त्यांवर पांढरंच लांबून दिसतं. यावर गोदूबाई उठून चालती झाली. विचित्र आहेत हो माणसं.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

जमलं, जमलं! सकाळी साडेनऊला मिठपाड्यावर कापड दिसलं. अर्ध्या तासात पोचलो. रतन, चार वर्षांची, घसा जवळजवळ बंद झालेला. सीरमची एक बाटली टोचली आणि दिवसभर तिच्या उशाशी बसले. संध्याकाळी पोरीने पेज मागितली आणि माझा जीव भांड्यात पडला. तिच्या आजीने माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

येताना तुळशीराम चक्क गात होता. घरी आल्यावर मैनाला सगळं सांगितलं, तर ती बाहुलीचा घसा तपासत बसली. हे गेल्यापासून इतकी आनंदात मी नव्हते.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

सगळं नीट लिहून ठेवते.

दुपारी दीड वाजता कापड दिसलं. मिठपाड्यावर नाही. थेट समोर, खाडीपलीकडे, तिवरांच्या मागच्या उंचवट्यावर. तिथे वस्ती आहे हेच मला माहीत नव्हतं. तुळशीरामला दाखवलं. तो म्हणाला, मला काय दिसत न्हाय. पण बोलताना त्याने तिकडे पाठ केली होती. मी चिडले, होडीत जाऊन बसले आणि वल्हं उचललं, तेव्हा कुठे तो आला. पलीकडे पोचल्यावर होडीतून उतरेचना.

मी एकटीच वर गेले. घरं नव्हती. नुसती जोती, त्यांवर जाळी माजलेली. मधोमध काठी रोवलेली, ताजी तोडलेली, सालीतून अजून चीक गळत होता. वर कापड होतं ते माझ्या चादरीचं नव्हतं. तान्ह्या मुलाचं दुपटं होतं, जुनं, कडेने हाताची शिवण घातलेलं. खाली एक लहान चटई. तिच्यावर हात ठेवला तर ऊबदार लागली. उन्हाने तापली म्हणावी तर वर झाडाची दाट सावली.

हाका मारल्या. कुणी ओ दिली नाही. कुणाची तरी खोडी म्हणून दुपटं सोडून घेतलं. तोवर ओहोटी लागली आणि होडी चिखलात बसली. रात्री पाणी चढेपर्यंत अडकून पडलो.

परत आलो तर पायरीवर मिठपाड्याची बायजा. बांधाबांधाने लांबचा वळसा घालून चालत आली होती. त्यांचं कापड दोन वाजल्यापासून वर होतं. तिच्या मांडीवर तिचा येसाजी, तीन वर्षांचा, गार पडलेला. घसाच. मी नव्हते.

रविवार, २२ नोव्हेंबर

ते दुपटं उकळून दोरीवर वाळत घातलं होतं. गोदूबाईने पाहिलं आणि हातातला झाडू टाकला. मग एकेक सांगितलं.

समोर पैलपाडा होता, सतरा घरांचा. पस्तीस वर्षांपूर्वी तिथल्या पोरांचे घसे धरले. रोग इकडे येऊ नये म्हणून बोरबंदरकरांनी एका रात्रीत त्यांच्या होड्या समुद्रात सोडून दिल्या आणि आपली वल्ही देवळात कोंडली. तिकडच्या एका आईने पोराचं दुपटं काठीला बांधलं. नऊ दिवस ते हलत होतं, आणि गाव या धक्क्यावर उभं राहून बघत होतं. धाव्या दिशीबी कापड व्हतं, गोदूबाई म्हणाली, पन हलवायला मानूस न्हाय. वल्ही कोंडणारा होता तुळशीरामचा बाप.

मी ओरडले तिच्यावर. मला आधी का नाही सांगितलंत? तर म्हणे, आपलं पाप आपल्या तोंडानं कोन सांगतो बाय? पस्तीस वर्सं तिकडं कापड दिसलं न्हाय. तुमी धक्क्यावर उभं राहून सांगितलात, कापड लावलं की मी येते. त्यांनी ऐकलं.

दुपारी तुळशीराम त्याच्या धाकट्या चंदरला खांद्यावर टाकून आला. पापुद्रा. दुसरी बाटली त्याला दिली. वाचेल. तुळशीराम माझे पाय सोडेना. गुरुवारी डॉक्टरसाहेबांपाशी जास्तीची बाटली नव्हती; आता रेवदंड्याला निकडीची चिठ्ठी पाठवली आहे, सीरम संपलं म्हणून.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

समोर पुन्हा कापड. सकाळपासून.

गेले नाही. त्या भुलावणीपायी एक मूल घालवलं, पुन्हा नाही. मिठपाड्यावर नजर ठेवून धक्क्यावर उभी राहिले, पण डोळे सारखे समोर जात होते. संध्याकाळपर्यंत ते हलत होतं. वारा अजिबात नव्हता.

बुधवार, २५ नोव्हेंबर

खरं होतं. कालचं कापड खरं होतं.

कातकरी आहे तो. कोळसा पाडायला दोन दिवसांपूर्वी बायकोपोरांसकट तिकडे उतरलेला. नर्सबाई कापड बघून येते, असं त्याने बाजारात ऐकलं होतं. आपलं धोतर फाडून त्याने काठीला लावलं. आज मुलीला रातोरात बांधलेल्या तराफ्यावर घालून आणलं आणि माझ्या पायरीवर ठेवलं. पाच वर्षांची. गेलेली. तो रडला नाही, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, तुमी हितं उभ्या व्हता, आमाला दिसत व्हतं.

काठी त्याने मुद्दाम हलवली होती. मला दिसावी म्हणून.

बोरबंदरकरांना नावं ठेवत होते मी. काल त्याच धक्क्यावर उभं राहून मीही तेच केलं.

गुरुवार, २६ नोव्हेंबर

डॉक्टरसाहेब आले नाहीत. सीरम नाही.

समोर सकाळी पाच कापडं होती. आता अकरा. यातलं खरं कुठलं? कुठल्याला जाऊ? तुळशीरामने घरात तोंड लपवलंय.

मैना खिडकीतून हात हलवत होती. कुणाला, विचारलं. तिकडची पोरं बोलावतात म्हणाली. बाहुलीला तिने त्या दुपट्यात गुंडाळलंय. ओढून घेतलं, तर भोकाड पसरलं. रडताना आवाज घोगरा —

रडून रडून झाला असेल.

शुक्रवार, २७ नोव्हेंबर

पापुद्रा आहे. डाव्या बाजूला, ज्वारीच्या दाण्याएवढा. तीनदा पाहिलं. देवा, तीनदा पाहिलं.

रेवदंडा होडीने दीड तास. धावत धक्क्यावर गेले. होड्या आहेत, वल्ही नाहीत. एकाही होडीत नाहीत. तुळशीराम दाराआडून रडत होता. गावाचं ठरलं बाय, म्हणाला, माजा चंदर हाय घरात. तुझा चंदर कुणी वाचवला रे मेल्या!

मैनाला पाठीशी बांधून बांधावरून चौलमार्गे रेवदंड्याच्या वाटेला लागले. बांधावर काटे रचलेत. पलीकडे अंबाजी पाटील, हातात काठी, मान खाली. विनवलं. शिव्या दिल्या. पाय धरायला वाकले, तर मागे सरले.

माझी नर्सची पांढरी साडी दवाखान्याच्या काठीला लावली. लांबून दोन मचवे गेले. त्यांनी पाहिलं आणि शीड वळवलं.

शनिवार, २८ नोव्हेंबर

सकाळ. पापुद्रा दोन्हीकडे. श्वासाला करवतीसारखा आवाज. साडी अजून काठीवर आहे. कुणी नाही.

दहा. ओठ निळे पडतायत. गोदूबाईच्या दारावर दगड मारला. आतून कडी घातली तिने.

अकरा. साडी उतरवली. दुपटं चढवलं.

वेड लागलंय मला, लागू दे. या तीरावरचं कुणी येत नाही. आणि त्याही आयाच आहेत ना? मला दुसरं कोण —

बारा. पूर्ण ओहोटी. खाडीत थेंब नाही, नुसता चिखल.

समोरची कापडं उतरली. सगळी एकदम.

वल्ह्यांचा आवाज येतोय. पाणी नाही, आणि वल्ह्यांचा आवाज. होडी आहे. चिखलावरून येते आहे, सरळ, इकडे —

गावात दारं लागतायत. एकामागून एक.

होडीत बायका. मोजल्या. सतरा. सोळा जणींच्या छातीशी पोरं गुंडाळलेली. एकीचे हात मोकळे. ती पुढे उभी आहे. दुपट्याकडे बघतेय.

काय केलं मी हे. काय करून बसले. दाराची कडी घातली. वरची, मैनाचा हात पोचत नाही ती.

पायरीवर ओली पावलं.

मैनाच्या श्वासाचा आवाज थांबला. छातीला कान लावला. काही नाही. काही ऐकू —

उठून बसली! मैना उठून बसली. माझ्याकडे बघत नाही. दाराकडे बघते.

बाहेर कुणी विचारत नाही, कोण, कुठली. नियम माझाच. कापड दिसलं. निघाल्या. अख्ख्या खाडीत त्यांनीच तेवढा पाळला —

एक बाई हळू आवाजात सांगतेय तिला. पाट घे, बाय. पाटावर चढ.

मैना पाट ओढतेय. मैना, नको. इकडे ये. मैना, मी आहे ना, मी —